चरित्र छापून आलं, तरी हा लेखक मरेपर्यंत त्याच चित्रकाराचा माग काढत राहिला

चरित्र छापून आलं की लेखक मोकळा, दुसरा विषय घ्यायला रिकामा. पोलंडचे कवी येझी फित्सोव्स्की यांचं मात्र उलटं झालं.

१९४२ साली, अवघ्या १८व्या वर्षी त्यांनी ब्रुनो शुल्झ यांचा 'दालचिनीची दुकानं' हा कथासंग्रह वाचला. इतके भारावले की थेट लेखकालाच पत्र धाडलं. उत्तर आलं नाही. शुल्झ यांना ठार मारल्याचं त्यांना नंतर कळलं.

शुल्झ हे द्रोहोबिच गावातले ज्यू चित्रकला शिक्षक. चित्रकार होते आणि लेखकही. गाव तेव्हा पोलंडमध्ये होतं, आज युक्रेनमध्ये आहे. नाझी आल्यावर फेलिक्स लान्दाऊ या गेस्टापो अधिकाऱ्यानं त्यांना आपल्या मुलाच्या खोलीत परीकथांची चित्रं रंगवायला लावली. मोबदला काय, तर थोडं अन्न आणि जिवाला अभय. हे अभय १९ नोव्हेंबर १९४२ पर्यंतच टिकलं. त्या दिवशी दुसऱ्या एका गेस्टापोवाल्यानं भर रस्त्यात शुल्झ यांना गोळी घातली. लान्दाऊवरचा राग त्यानं असा काढला, असं सांगतात.

मरण्याआधी शुल्झ यांनी आपली चित्रं आणि हस्तलिखितं गठ्ठे बांधून घेट्टोबाहेरच्या लोकांकडे ठेवायला दिली होती. त्यात 'मसीहा' ही अपुरी कादंबरीही होती, असं मानलं जातं. कुणाकडे दिली, हाच खरा प्रश्न.

युद्धानंतर फित्सोव्स्कींनी शुल्झ यांचे मित्र, विद्यार्थी, नातेवाईक शोधून काढले. या धडपडीतून १९६७ मध्ये चरित्र आलं. १९७५ मध्ये त्यांनी शुल्झ यांची जमवलेली पत्रंही पुस्तकरूपात आणली. त्याच वर्षी कम्युनिस्ट सरकारच्या घटनादुरुस्तीला विरोध करणाऱ्या पत्रावर त्यांनी सही केली आणि पुढची काही वर्षं त्यांच्या लेखनावरच बंदी आली. लिहिणाऱ्या माणसाला यापेक्षा मोठी शिक्षा कुठली?

चरित्रामुळे एक मात्र झालं. शुल्झबद्दल काहीही समजलं तर कुणाला गाठायचं, हे जगाला ठाऊक झालं. १९८०च्या दशकाच्या शेवटी शुल्झ यांचा नातेवाईक असल्याचं सांगणाऱ्या एका माणसानं संपर्क साधला. त्याला एका गठ्ठ्याचा प्रस्ताव आला होता, अक्षर ओळखायला फित्सोव्स्की हवे होते. व्यवहार होण्याआधीच तो माणूस वारला. मग १९९० मध्ये स्वीडनच्या राजदूतांनी सांगितलं की 'मसीहा' केजीबीच्या दप्तरात आहे. पण १९९२ मध्ये तेही गेले आणि तो धागा तिथेच तुटला.

२००१ मध्ये खरंच काहीतरी सापडलं, पण भलतंच. जर्मन माहितीपटकार बेंजामिन गाइस्लर यांना लान्दाऊच्या जुन्या घरात रंगाच्या थरांखाली ती भिंतीवरची चित्रं मिळाली. त्यातल्या घोडागाडी हाकणाऱ्याला शुल्झ यांचाच चेहरा होता. काही महिन्यांत इस्रायलच्या याद वाशेम संग्रहालयाच्या माणसांनी त्यातले काही तुकडे काढून जेरुसलेमला नेले. चित्रं कुणाची? शुल्झ ज्यू, लिहिलं पोलिशमध्ये, भिंत युक्रेनमध्ये. मोठा वाद पेटला.

२००२ मध्ये फित्सोव्स्कींनी चरित्राची वाढीव आवृत्ती काढली. ९ मे २००६ रोजी ते गेले. त्यानंतर दोन वर्षांनी तडजोड झाली. चित्रांची मालकी युक्रेनची, पण २० वर्षांसाठी ती याद वाशेमकडे उसनी. 'मसीहा' अजूनही सापडलेली नाही.