इंग्रजी प्रिपोझिशन नेमकं कसं निवडायचं?

मराठीत आपण ‘टेबलावर’, ‘घरात’, ‘शाळेपासून’ म्हणतो. नाम आधी येतं आणि नातं सांगणारा भाग मागून जोडला जातो. इंग्रजीत तो आधी येतो: ‘ऑन द टेबल’, ‘इन द हाउस’. नामाआधी येऊन त्याचं वाक्यातल्या दुसऱ्या शब्दाशी नातं सांगणारा हा शब्द म्हणजे प्रिपोझिशन. मराठीत हेच काम विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं मिळून करतात.

क्रम लवकर अंगवळणी पडतो. अडतं ते निवडीत, कारण मराठीतल्या एका प्रत्ययाला इंग्रजीत एकच ठरलेला शब्द नसतो. म्हणून प्रत्ययाऐवजी त्यामागचा अर्थ पाहायचा.

१. वेळ. घड्याळातल्या वेळेला ‘अ‍ॅट’: अ‍ॅट फाइव्ह ओक्लॉक. वार किंवा तारखेला ‘ऑन’: ऑन मंडे. महिना, ऋतू, वर्ष अशा मोठ्या काळाला ‘इन’: इन जून, इन १९६०. ‘इन द मॉर्निंग’ म्हणतात, पण ‘अ‍ॅट नाइट’. आणि ‘मॉर्निंग’ला वार जोडला की ‘ऑन मंडे मॉर्निंग’. नेक्स्ट, लास्ट, धिस, एव्हरी यांच्याआधी यातलं काहीच लागत नाही. ‘ऑन नेक्स्ट मंडे’ नव्हे, नुसतं ‘नेक्स्ट मंडे’.

२. जागा. वस्तू कशाच्या आत असेल तर ‘इन’, पृष्ठभागाला टेकलेली असेल तर ‘ऑन’ आणि फक्त ठिकाण सांगायचं असेल तर ‘अ‍ॅट’: अ‍ॅट द बस स्टॉप. वाहनांपाशी मात्र गोंधळ होतो. आपण ‘बसमध्ये’ आणि ‘कारमध्ये’ सारखंच म्हणतो. इंग्रजीत ‘ऑन द बस’, पण ‘इन द कार’. ज्यात उभं राहून चालता येतं अशा बस, रेल्वे, विमानाला ‘ऑन’; ज्यात वाकून शिरून बसावं लागतं अशा कार, रिक्षाला ‘इन’.

३. ‘पासून’. सुरुवातीचा क्षण दिला असेल तर ‘सिन्स’: सिन्स २०१९, सिन्स मंडे. काळाची लांबी दिली असेल तर ‘फॉर’: फॉर थ्री इयर्स. ‘तीन वर्षांपासून’चं ‘सिन्स थ्री इयर्स’ ही फार नेहमीची चूक. क्रियापदही सांभाळा: ‘आय अ‍ॅम लिव्हिंग हिअर’ नव्हे, ‘आय हॅव बीन लिव्हिंग हिअर फॉर थ्री इयर्स’.

४. ‘पर्यंत’. ‘शुक्रवारपर्यंत अहवाल पाठवतो’ आणि ‘शुक्रवारपर्यंत रजेवर आहे’ या दोन वाक्यांत ‘पर्यंत’चे अर्थ वेगळे आहेत. पहिल्यात मुदत आहे, म्हणून ‘बाय फ्रायडे’. दुसऱ्यात रजा तोवर चालूच राहणार आहे, म्हणून ‘अंटिल फ्रायडे’. शंका आली तर मराठी वाक्यात ‘उशिरात उशिरा’ घालून पाहा. ‘उशिरात उशिरा शुक्रवारपर्यंत पाठवतो’ हे चपखल बसतं, तिथे ‘बाय’. ‘उशिरात उशिरा शुक्रवारपर्यंत रजेवर आहे’ हे कानाला खटकतं, तिथे ‘अंटिल’.

५. जिथे काहीच नको. ‘विषयावर चर्चा’, ‘तिच्याशी लग्न’, ‘स्टेशनवर पोचलो’ या सवयीने आपण ‘डिस्कस अबाउट’, ‘मॅरी विथ’, ‘रीच्ड अ‍ॅट’ लिहून जातो. ‘डिस्कस’, ‘मॅरी’, ‘रीच’ या क्रियापदांना कर्म थेट जोडायचं: ‘वुई रीच्ड द स्टेशन’. मात्र ‘अराइव्ह’ला ‘अ‍ॅट’ किंवा ‘इन’ लागतं, आणि ‘डिस्कशन’ या नामापुढे ‘अबाउट’ चालतं.

६. ठरलेल्या जोड्या. ‘डिपेंड ऑन’, ‘अफ्रेड ऑफ’, ‘गुड अ‍ॅट’, ‘मॅरीड टू’. इथे तर्क फारसा कामी येत नाही. जोडी एकत्रच पाठ करावी. प्रिपोझिशननंतर क्रियापद आलं, तर त्याचं आयएनजी रूप घ्यायचं: ‘गुड अ‍ॅट सिंगिंग’. पत्रातल्या ‘लुकिंग फॉरवर्ड टू’मधलं ‘टू’ प्रिपोझिशनच आहे, म्हणून पुढे ‘मीट यू’ नाही, ‘मीटिंग यू’.

सगळे नियम एका दमात पाठ करू नका. नवा शब्द वहीत लिहिताना तो एकटा न लिहिता शब्दकोशातल्या उदाहरणवाक्यासह लिहा आणि त्याच घाटाचं स्वतःचं एक वाक्य लगेच मोठ्याने म्हणा. पुरेशी वाक्यं कानावरून गेली, की चुकीचं प्रिपोझिशन नियम आठवण्याआधीच खटकू लागतं.