जयनगरचा पत्ता आणि नोंदींची उतरंड

बंगळूरच्या दक्षिण भागातील जयनगर या वसाहतीची कोनशिला १९४८ मध्ये बसविण्यात आली. तेथील पत्ता घर, क्रॉस, मेन आणि ब्लॉक अशा पायऱ्यांनी सांगतात. नुसते ‘अकरावा मेन’ म्हणून भागत नाही; ब्लॉकही सांगावा लागतो. (पुण्यात पेठेचे नाव घेतल्यावरही अमक्या मारुतीची खूण विचारतात, ही गोष्ट निराळी.) संगणकातील परस्परसंबद्ध नोंदींची रचना बहुतांशी अशीच असते. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या संबंधाधिष्ठित प्रतिमानानुसार ब्लॉक, रस्ते व घरे यांचे तक्ते स्वतंत्र ठेवता येतात. घराच्या नोंदीत रस्त्याचा आणि रस्त्याच्या नोंदीत ब्लॉकचा क्रमांक असला म्हणजे झाले.

अडचण उद्भवते ती ही सारी उतरंड एकाच पानावर मांडताना. समजा, ९ ब्लॉक आहेत व प्रत्येकात २० रस्ते. संकेतस्थळे उभारण्याची जँगो ही चौकट संबंधित नोंद मागितल्याखेरीज आणीत नाही. परिणामी ब्लॉकांसाठी १, रस्त्यांसाठी ९ आणि घरांसाठी १८० अशा १९० पृच्छा डेटाबेसकडे जातात. पोस्टमनने प्रत्येक गल्लीसाठी कचेरीत परत जावे, तसा हा प्रकार. आज्ञावली लिहिणाऱ्याच्या यंत्रावर चारच रस्ते असतात, म्हणून हा दोष त्याला दिसत नाही. भोगावा लागतो तो वापरणाऱ्याला.

सर्व तक्ते जोडून एकच पृच्छा करणे हा उपाय सोपा वाटतो. परंतु त्यात प्रत्येक घरासोबत रस्त्याचे व ब्लॉकचे नाव पुनःपुन्हा येते. शिवाय एका रस्त्याला ३० घरे व १० झाडे अशा दोन शाखा असतील, तर ४० ऐवजी ३०० ओळी हाती येतात. म्हणून एकाकडून अनेकांकडे उतरताना, जँगोच्या २०१२ मधील १.४ या आवृत्तीत आलेली ‘प्रीफेच रिलेटेड’ ही पद्धत अधिक युक्त होय. ती आधी सर्व ब्लॉक आणते, मग त्यांचे क्रमांक एकत्र देऊन सर्व रस्ते, आणि त्यानंतर सर्व घरे. पृच्छा तीनच, जुळणी नंतर आज्ञावलीतच होते. रस्ते व घरे या दोन नावांमध्ये दोन अधोरेषा घातल्या की ती दुसऱ्या पायरीवर उतरते. याउलट घरावरून रस्ता व ब्लॉक शोधावयाचा असेल, तर प्रत्येक ठिकाणी उत्तर एकच असल्यामुळे तक्ते जोडणारी ‘सिलेक्ट रिलेटेड’ पुरेशी ठरते.

मात्र आणून ठेवलेल्या घरांवर ‘फक्त दुमजली’ अशी गाळणी रस्त्यागणिक नव्याने लावली, तर प्रत्येक वेळी डेटाबेस पुन्हा गाठला जातो. ती अट नोंदी आणतानाच घालावी लागते.