कॉफी प्या, पण वेळ पाहून

चहा रोजचा, पण कॉफीचा मान वेगळा. कोकणातल्या बऱ्याच घरांत ती एकादशीला किंवा संकष्टीला व्हायची. भरपूर दूध, दोन चमचे साखर आणि वर किसलेले जायफळ! पुढे नोकरीसाठी मुंबई गाठली, की माटुंग्याच्या उडप्याकडे दुसरीच कॉफी भेटायची. गाळणीतून थेंब थेंब उतरलेला दाट काढा, कढत दूध आणि वरून ओतल्याने आलेला फेस. प्रस्तुत लेखक याच वाटेने कॉफीचा भक्त झाला.

आगरदांड्याच्या धक्क्यावर दिघीच्या फेरीबोटीची वाट पाहणाऱ्याच्या हाती बहुधा चहाच असतो. पण कॉफीच्या माहेराशी या खाडीचे जुने नाते आहे. खाडीच्या मुखाशी असलेल्या जंजिऱ्यावर १९४८ पर्यंत ज्यांचे राज्य होते, त्या सिद्दींचे मूळ हबसाणातले, म्हणजे आजच्या इथिओपियाच्या मुलखातले. कॉफीचे झाडही तिथलेच. पंधराव्या शतकात येमेनमधील सूफी साधक रात्रीच्या उपासनेत झोप येऊ नये म्हणून कॉफी पीत. सतराव्या शतकात बाबा बुडन यांनी तिथून सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, अशी आख्यायिका आहे.

थोडक्यात, जागे ठेवणे हा कॉफीचा मूळ गुण. तो तिच्यातील कॅफीनमुळे येतो. घेतलेल्या कॅफीनपैकी निम्मे शरीराबाहेर पडायला साधारण पाच तास लागतात. म्हणजे संध्याकाळी सहाच्या कॉफीचा अर्धा अंमल रात्री अकरालाही शिल्लक असतो. जायफळ घातल्याने कॅफीन कमी होत नाही. ज्यांना अंथरुणावर तळमळत पडावे लागते, त्यांनी झोपेच्या गोळीआधी दुपारनंतरची कॉफी बंद करून पाहावी.

किती प्यावी?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार दिवसभरात ३०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅफीन घेऊ नये. दीडशे मिलिलिटरच्या कपात गाळलेल्या कॉफीतून ८० ते १२०, झटपट कॉफीतून ५० ते ६५ आणि चहातून ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफीन मिळते. दोन कप गाळलेली कॉफी आणि चार कप चहा झाला, तर ही मर्यादा सहज ओलांडली जाऊ शकते. गरोदर स्त्रियांनी २०० मिलिग्रॅमच्या आतच राहावे.

जेवणानंतर लगेच नको

सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही. चहा-कॉफीतील काही द्रव्ये अन्नातील लोहाला धरून ठेवतात आणि ते रक्तात पुरेसे जात नाही. पालेभाजी, कुळीथ, नाचणी यांतील लोहाला याचा फटका अधिक. आपल्याकडे अनेक बायकांच्या अंगात रक्त कमी असते, आणि सगळ्यांची पाने उठल्यावर दोन घास खाऊन लगेच चहा-कॉफीचा कप हाती घेणाऱ्याही त्याच असतात. पौष्टिक खाऊनही ते अंगी लागत नाही! म्हणून जेवणाच्या आधी आणि नंतर निदान एक तास कॉफी टाळावी. जेवणात लिंबू पिळून घ्यावे. त्याने लोह शोषले जाण्यास मदत होते.

आणखी काही सूचना :

१) लोहाची किंवा थायरॉईडची गोळी कॉफीबरोबर घेऊ नये, पाण्याबरोबर घ्यावी.

२) उपवासाच्या दिवशी रिकाम्या पोटी कॉफीवर कॉफी घेऊ नये. ज्यांना पित्ताचा त्रास आहे त्यांनी तर नाहीच.

३) छातीत धडधड होत असेल किंवा रक्तदाब असेल, तर प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे.

४) कपाला दोन चमचे याप्रमाणे चार कपांत सुमारे ४० ग्रॅम साखर पोटात जाते. ती हळूहळू कमी करावी.

५) रोजची कॉफी एकदम सोडल्यास डोके दुखते. दर दोन-तीन दिवसांनी अर्धा कप कमी करावा.

कॉफी सोडा, असे कोणी म्हणत नाही. सकाळच्या न्याहारीनंतर तासाभराने निवांत बसून घेतलेला एक पेला मनाला तरतरी देतो. घरातल्या बाईलाही तो जेवणाच्या पाठोपाठ नव्हे, असाच सवडीने मिळावा, एवढे घरच्यांनी पाहावे.