उलटी थांबली म्हणजे आजार थांबला असे नाही. मेडिकलमधून गोळी आणण्याआधी हे तपासा

नागपूर : मळमळ सुटली, दोन उलट्या झाल्या की गावात उपाय ठरलेला असतो. पोराला चौकातल्या मेडिकलवर पाठवायचे आणि "उलटीची गोळी आण" म्हणायचे. बऱ्याच वेळा आरामही पडतो. पण गोळी उलटी थांबवते, उलटीचे कारण थांबवत नाही. फवारणीची विषबाधा, मण्यार सापाचा दंश, उन्हाचा झटका, हृदयविकार या सगळ्यांत उलटी हे पहिले लक्षण असू शकते. अशा वेळी गोळी घेऊन झोपून राहिले तर उपचाराचे मोलाचे तास हातचे जातात. म्हणून गोळी कोणती घ्यावी याच्या आधी उलटी कशाने होते आहे, हे पाहणे गरजेचे आहे.

फवारणीनंतर उलटी झाली तर गोळी नको, दवाखाना

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. शेकडो जणांना दवाखान्यात भरती करावे लागले. पऱ्हाटी डोक्याइतकी वाढली की फवारा अंगावर, तोंडावर येतो. औषध नाकातोंडातूनच नाही, तर चामडीतूनही शरीरात जाते.

फवारून आल्यावर मळमळ, उलटी आणि त्यासोबत खूप घाम, तोंडाला लाळ, डोळ्यांत पाणी, धूसर दिसणे, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणे, अंग फडफडणे, दम लागणे यापैकी काही दिसले तर ती विषबाधा समजावी. "उन्हानं झालं असल" म्हणून सोडून देऊ नये. अंगावरचे कपडे काढावे, साबण लावून भरपूर पाण्याने आंघोळ घालावी आणि थेट दवाखाना गाठावा. औषधाचा डबा किंवा त्यावरचे लेबल सोबत न्यावे. प्रोफेनोफॉस, मोनोक्रोटोफॉससारख्या औषधांच्या विषबाधेवर दवाखान्यात ॲट्रोपिनचे इंजेक्शन देतात. ते काम उलटीची गोळी करत नाही. मिठाचे पाणी पाजून ओकारी काढायच्या भानगडीत पडू नये.

रात्री पोट दुखून उलटी

पावसाळ्यात जमिनीवर झोपलेला माणूस मध्यरात्री पोटदुखीने उठतो, उलटी करतो. घरचे अपचन समजतात. पण मण्यारचा दंश असाच असतो. दात बारीक, खूण दिसेलच असे नाही, सूज-वेदनाही फारशी नसते. काही वेळाने पापण्या जड होऊन खाली येतात, बोलताना जीभ अडखळते, गिळता येत नाही, मग श्वास अडतो. पोटदुखी-उलटीसोबत पापण्या मिटू लागल्या तर सकाळची वाट पाहू नये, मांत्रिकाकडे जाऊ नये. सर्पदंशावरची लस मिळेल अशा सरकारी दवाखान्यात लगेच न्यावे.

ऊन आणि छाती

मे महिन्यात नागपूरकडे पारा ४५ च्या वर जातो. उन्हात काम करून उलटी झाली, अंग तापले आणि माणूस असंबद्ध बोलू लागला तर तो उष्माघात आहे. सावलीत न्यावे, अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा आणि १०८ ला फोन करावा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणीही घालू नये.

चाळिशीपुढच्या माणसाला, विशेषतः शुगरच्या रुग्णाला, उलटीसोबत दरदरून घाम, छाती किंवा पोटाच्या वरच्या भागात दाब, जबडा-हातात दुखणे असेल तर "गॅस झाला" म्हणून थांबू नये. ईसीजी काढून घ्यावा.

लहान मुलांची उलटी

हगवण-उलटीत लेकरू उलटीने नाही, तर शरीरातले पाणी संपल्याने दगावते. म्हणून पहिले औषध ओआरएस. मोठे पाकीट पूर्ण १ लिटर स्वच्छ पाण्यात घालावे. लहान पाकीट असेल तर त्यावर लिहिले तेवढेच पाणी घ्यावे. अर्धे पाकीट अंदाजाने ग्लासात टाकू नये. मुलाने उलटी केली तर १० मिनिटे थांबावे, मग दर २-३ मिनिटांनी एक-एक चमचा पाजावे. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच मीठ-साखरेच्या पाण्याने कितीतरी जीव वाचवले.

उलटी थांबतच नसेल तर डॉक्टर ऑन्डान्सेट्रॉनचे सिरप किंवा तोंडात विरघळणारी गोळी देतात. मात्रा वयावर नाही, वजनावर ठरते. त्यामुळे थोरल्यासाठी आणलेली बाटली धाकट्याला पाजू नये. घरचा चमचाही चालत नाही, कारण प्रत्येक घरचा चमचा वेगळा. बाटलीसोबतचे मापाचे झाकण वापरावे.

मेटोक्लोप्रामाइड या औषधाने काही मुलांची, तरुणांची मान वाकडी होते, डोळे वर चढतात, जबडा आवळतो, जीभ बाहेर येते. घरचे घाबरतात, कोणी "बाहेरचं लागलं" म्हणतात. तो औषधाचा दुष्परिणाम असतो आणि दवाखान्यात एका इंजेक्शनने बहुतेक वेळा लवकर उतरतो. डॉक्टरांना कोणती गोळी दिली ते तेवढे सांगावे.

सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मधली घटना जिल्हा विसरलेला नाही. सावनेरच्या पलीकडे छिंदवाडा जिल्ह्यातल्या परासिया भागात खोकल्याच्या 'कोल्ड्रिफ' सिरपमधल्या डायएथिलीन ग्लायकॉल या विषारी रसायनाने लेकरांच्या किडन्या निकामी झाल्या. २० हून अधिक मुले दगावली, त्यातल्या बऱ्याच जणांवर नागपुरात उपचार सुरू होते. कोणतेही औषध घेतल्यानंतर मूल उलट्या करू लागले आणि लघवी कमी झाली तर त्यावर आणखी एक सिरप पाजू नये. बाटली घेऊन दवाखाना गाठावा.

गरोदर बाईसाठी

पहिल्या तीन महिन्यांत मळमळ होतेच. थोडे-थोडे खाणे, सकाळी उठल्याबरोबर कोरडा टोस्ट किंवा मुरमुरे यांनी बऱ्याच जणींना बरे वाटते. गरज पडली तर डॉक्टर डॉक्सिलामाइन आणि जीवनसत्त्व बी-६ ची गोळी देतात. पण घरात पडलेली कोणतीही गोळी घेऊ नये. १९५७ मध्ये जर्मनीत आलेले थॅलिडोमाइड हे औषध गरोदर बायांना मळमळीसाठी दिले गेले आणि जगात हजारो मुले हात-पाय अपुरे घेऊन जन्मली. १९६१ मध्ये ते बाजारातून काढावे लागले.

दिवसभर पाणीही पोटात ठरत नसेल, लघवी कमी झाली असेल, किंवा पाचव्या महिन्यानंतर उलटीसोबत डोके दुखत असेल, डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर आशाताईंना सांगून त्याच दिवशी बीपी तपासून घ्यावा.

कोणत्या गोळीत काय सांभाळावे

• ऑन्डान्सेट्रॉन : डोके दुखणे, संडास घट्ट होणे हे नेहमीचे त्रास. हृदयाच्या ठोक्यांचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना सांगावे.

• डोम्पेरिडोन : ॲसिडिटीच्या अनेक कॅप्सूलमध्ये हे मिसळलेले असते. कित्येक जण अशी कॅप्सूल महिनोन्महिने रोज सकाळी घेतात. युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०१४ मध्ये हृदयाच्या धोक्यामुळे हे औषध साधारण आठवडाभरच घ्यावे असे सांगितले. गजकर्णासाठी घेतात ती इट्राकोनॅझोल आणि क्लॅरिथ्रोमायसिनसारखे अँटिबायोटिक यांच्यासोबत धोका वाढतो.

• मेटोक्लोप्रामाइड : पाच दिवसांपेक्षा जास्त नको. वर्षाच्या आतल्या बाळाला नाही.

• प्रोमेथाझिन : एसटीत, गाडीत उलटी होऊ नये म्हणून प्रवासाच्या आधी घेतात. झोप येते, म्हणून घेतल्यावर मोटरसायकल, ट्रॅक्टर चालवू नये, दारू पिऊ नये. दोन वर्षांखालच्या मुलाला देऊ नये, श्वास मंदावू शकतो. म्हाताऱ्या माणसाची लघवी अडू शकते.

यातल्या पहिल्या तीन गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायच्या असतात.

दुकानात आणि दवाखान्यात काय सांगायचे

वय, वजन, गरोदर आहे का, हृदय, किडनी किंवा शुगरचा आजार आहे का, आधीच कोणत्या गोळ्या सुरू आहेत, एवढे सांगावे. सुटी गोळी कागदात बांधून घेऊ नये. पट्टीवर नाव आणि मुदत दिसली पाहिजे. तिचा मोबाईलवर फोटो काढून ठेवावा, म्हणजे पुढे त्रास झाला तर डॉक्टरांना काय घेतले ते लगेच कळते.

उलटीत रक्त किंवा हिरवे पाणी, पोट फुगून संडास-वारा बंद, डोक्याला मार लागल्यानंतर उलटी, गुंगी, मुलाची सहा-आठ तास लघवी नाही, यातले काहीही असेल तर गोळी शोधत बसू नये. १०८ ची रुग्णवाहिका मोफत आहे. जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय गाठावे.