नदीकाठची जागा आणि पुराची रेषा

नगराच्या मध्यवस्तीत, पाण्याच्या काठी आपले घर अथवा दुकान असावे ही मनुष्याची इच्छा फार जुनी आहे. मुंबईत मरीन ड्राइव्हवरील घर हे आजही प्रतिष्ठेचे लक्षण समजले जाते. लंडनमध्ये थेम्स नदीवरील जुन्या गोद्या बंद पडल्यानंतर १९८१ मध्ये त्या परिसराच्या विकासासाठी स्वतंत्र महामंडळ स्थापन झाले आणि ओस पडलेल्या धक्क्यांवर महागड्या वसाहती उभ्या राहिल्या. रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील महाड व पोलादपूर येथील सावित्रीकाठच्या जागांचे आकर्षणही याच प्रकारचे आहे. मात्र येथे जागा घेणाऱ्यास देखाव्याबरोबर पाण्याच्या पातळीचाही हिशेब मांडावा लागतो.

नदीने वसविलेली पेठ

महाड समुद्रापासून दूर असले, तरी भरतीच्या पाण्यावर बाणकोटच्या खाडीतून गलबते येथवर येत असत. घाटमाथ्यावरून बैलांच्या पाठीवर लादून आणलेला माल येथे उतरे आणि जलमार्गाने पुढे जाई. त्यामुळे वखारी, दुकाने आणि व्यापाऱ्यांची घरे नदीच्या आश्रयानेच वाढली. पुढे मालवाहतूक रस्त्यावर गेली, परंतु पेठ जेथे होती तेथेच राहिली. बाजार, शाळा व कचेऱ्या हाकेच्या अंतरावर, मुंबई-गोवा महामार्ग जवळ, औद्योगिक वसाहतीतील रोजगार आणि रायगड किल्ल्याकडे जाणाऱ्या प्रवाशांची वर्दळ या कारणांनी मध्यवस्तीतील जागेचे मोल टिकून आहे. पोलादपूर परिसरात शहरी खरेदीदारास नदीकाठची मोकळी जमीन आणि सह्याद्रीचे सान्निध्य यांची ओढ वाटते.

पाणी येते कोठून?

सावित्रीचा उगम महाबळेश्वरच्या डोंगरावर होतो. सुमारे १,३०० मीटरहून अधिक उंचीवरून ती थोड्याच अंतरात खाली उतरते, पोलादपूरवरून महाडकडे येते आणि येथील सखल भागात तिचा वेग मंदावतो. काळ व गांधारी या नद्यांचे पाणीही महाड परिसरात तिला मिळते. अशा वेळी समुद्राला मोठी भरती असल्यास पाण्याचा निचरा अडतो आणि ते पेठेत शिरते. उतार संपल्यावर नदीबरोबर आलेला गाळ पात्रातच साचतो व पात्राची क्षमता घटते.

जुलै २००५ मध्ये या तालुक्यांनी महापूर व दरडी यांचा तडाखा सोसला. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महामार्गावरील सावित्रीचा जुना दगडी पूल पुरात वाहून गेला व त्याबरोबर एस. टी. च्या दोन गाड्याही गेल्या. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वर येथे एका दिवसात सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. महाडच्या बाजारपेठेत तळमजले बुडाले आणि व्यापाऱ्यांचा माल मातीमोल झाला. त्याच दिवसांत महाड तालुक्यातील तळिये आणि पोलादपूर तालुक्यातील केवनाळे व साखर सुतारवाडी येथे दरडी कोसळून जीवितहानी झाली. म्हणजे नदीकाठ टाळून डोंगराच्या पायथ्याशी गेल्याने धोका टळतोच असे नाही.

निळी व लाल रेषा

जागेची परीक्षा करण्याचे साधन म्हणजे पूररेषेचा नकाशा होय. सरासरी २५ वर्षांत एकदा येऊ शकणाऱ्या पुराची मर्यादा निळ्या रेषेने, तर १०० वर्षांत एकदा येऊ शकणाऱ्या पुराची मर्यादा लाल रेषेने दाखविली जाते. नदी व निळी रेषा यांमधील पट्टा हा निषिद्ध, म्हणजे मोकळा ठेवावयाचा; तर निळ्या व लाल रेषेमधील पट्टा नियंत्रित असून तेथे जोत्याची उंची इत्यादी अटींवर बांधकामास परवानगी मिळू शकते. ‘शंभर वर्षांतून एकदा’ याचा अर्थ पुढील शंभर वर्षे निर्धास्त राहावे असा नव्हे. असा पूर कोणत्याही एका वर्षी येण्याची शक्यता शंभरात एक असते, आणि ती दर वर्षी नव्याने असते.

म्हणून खरेदीपूर्वी सातबारा उतारा अथवा मिळकत पत्रिका पाहावी, तसेच विकास योजनेतील विभागाचा दाखला, अकृषिक परवानगी आणि पूररेषेच्या संदर्भातील जागेचे स्थान यांचीही खात्री करून घ्यावी. शेतजमीन विकत घेण्यास खरेदीदार शेतकरी असणे सर्वसाधारणपणे आवश्यक असते, हेही ध्यानात ठेवावे. कोकणातील जुन्या घरांचे उंच जोते आणि माळा हा केवळ सोयीचा भाग नव्हता; त्यात पाण्याचा अनुभव साठवलेला होता.

काठ सर्वांचा

लंडनच्या नदीकाठच्या किमतीमागे १९८२ पासून कार्यरत असलेला थेम्सवरील पूर रोखणारा प्रचंड बांध उभा आहे. मरीन ड्राइव्हमागे समुद्रभिंत आहे. पाण्याकाठच्या मोलाचा मोठा वाटा असा सार्वजनिक खर्चाने निर्माण होतो. महाडमध्येही २०२१ नंतर सावित्रीच्या पात्रातील गाळ काढण्याचे काम हाती घेण्यात आले. परंतु एकीकडे पात्र मोकळे करावयाचे आणि दुसरीकडे भराव घालून ते अरुंद करावयाचे, हे परस्परविरोधी ठरेल. एका भूखंडावरील भरावाने अडलेले पाणी शेजाऱ्याच्या घरात शिरते.

ग्रामपंचायती, नगरपंचायत व नगरपरिषद यांना येथे बरेच करता येण्यासारखे आहे. पूररेषेचा नकाशा कार्यालयात दर्शनी लावावा, २०२१ च्या पुराची पातळी चौकाचौकांत रंगवावी, शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून आपल्या गावाचा उतार व ओढे यांचा नकाशा करून घ्यावा, आणि निळ्या रेषेच्या आतील पट्टा क्रीडांगण, उद्यान किंवा घाट म्हणून राखावा. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन करून सार्वजनिक पाण्यावर सर्वांचा समान हक्क असल्याचे जगाला दाखविले. त्या नगरीत नदीचा काठ खाजगी भिंतींआड न जाता सर्वांसाठी मोकळा राहिला, तर तो पाहण्यास रम्य होईल आणि पुराच्या दिवशी पाण्यालाही वाट मिळेल.