टोपणाला तडा गेला तर...

विरारच्या लोकलमध्ये खिशातले पेन सांभाळणे ही एक कसरतच असते. एकदा माझ्या शाईच्या पेनाच्या टोपणाला तडा गेला. कडेपासून निघालेला, जेमतेम ४ मिलिमीटर लांबीचा. मी वरून गोंद लावून तो बुजवला. पंधरा दिवसांत भेग गोंदाला ओलांडून पुढे सरकली! असे का झाले असेल?

टोपणाचे आटे आपण घट्ट पिळतो किंवा टोपण दाबून बसवतो, तेव्हा त्याची कड आतून बाहेर ढकलली जाते. कडेच्या परिघाभोवती ताण निर्माण होतो, बैलगाडीच्या चाकावरच्या लोखंडी धावेत असतो तसा. भेग या ताणाला काटकोनात जाते. म्हणून टोपणे बहुधा उभी तडकतात. अनेक पेनांच्या टोपणाला कडेजवळ धातूचे कडे असते, ते केवळ शोभेसाठी नाही. ते हा ताण स्वतःवर घेते.

आता भेगेच्या टोकाकडे पाहू. भेगेतून ताण पलीकडे जाऊ शकत नाही. तो वळसा घालून टोकापाशी गर्दी करतो. ही गर्दी किती, याचे गणित इंग्लिस या अभियंत्याने १९१३ साली मांडले. ढोबळ हिशेब असा : भेगेच्या लांबीला टोकाच्या त्रिज्येने भागा, वर्गमूळ काढा, दुप्पट करा आणि १ मिळवा. भेग ४ मिलिमीटर आणि टोकाची त्रिज्या ०.००१ मिलिमीटर धरली, तर टोकापाशी ताण सुमारे १२७ पट होतो. त्याच टोकावर १ मिलिमीटर व्यासाचे भोक पाडले, तर त्रिज्या ०.५ मिलिमीटर होते आणि ताण सात पटींच्याही आत येतो. म्हणजे भोक पाडल्याने टोपण वाचते! तडकलेल्या पत्र्याला किंवा बिडाच्या भागाला जोड देण्यापूर्वी कारागीर भेगेच्या टोकाला भोक पाडतात, ते याचसाठी.

वर्गात करून पाहा. बिस्किटाच्या पुड्याच्या चुरचुरीत वेष्टनाच्या दोन सारख्या पट्ट्या कापा. दोन्हींना मध्यावर एका कडेपासून आडवी, सारख्या लांबीची चीर द्या. एकीच्या चिरेच्या टोकाला कागद छिद्रित करायच्या पंचने गोल भोक पाडा. आता पट्ट्या लांबीच्या दिशेने ओढा. कोणती आधी फाटते?

आता दुरुस्ती. टोपण कोमट पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा. भिंगातून भेगेचे टोक शोधा आणि बारीक ड्रिल हाताने फिरवून तिथे भोक पाडा. तापवलेली सुई वापरू नका. जुनी काही पेने सेल्युलॉइडची असतात आणि ते चटकन पेट घेते. मग भेगेत पातळ सुपरग्लूचा एकच थेंब सोडा. केशाकर्षणाने तो आपोआप आत ओढला जातो. भोकही बुजवा, नाहीतर निबवरची शाई वाळेल. सुपरग्लू हवेतल्या बाष्पामुळे घट्ट होतो. त्यामुळे वसईच्या पावसाळी हवेत तो लवकर धरतो, पण भोवती पांढुरकी साय येण्याचा धोकाही वाढतो. टोपण दिवसभर उघडेच ठेवा. आट्यांत गोंद जाऊ देऊ नका.

ॲक्रिलिक किंवा पॉलिस्टायरीनचे टोपण असेल, तर ॲसिटोननेही सांधता येते. ॲसिटोन शिरल्याने दोन्ही बाजूंचे लांबलचक रेणू सैल होऊन एकमेकांत गुंततात. ॲसिटोन उडून गेले की सांधा एकजीव होतो. एबोनाइट किंवा पॉलिप्रॉपिलीनवर मात्र ही युक्ती चालत नाही. ॲसिटोन ज्वालाग्राही आहे. खिडकी उघडी ठेवून, ज्योतीपासून दूर, शिक्षकांनीच हे काम करावे.

माझ्या टोपणावर आता बारीक ठिपका दिसतो, पण भेग तिथेच थांबली आहे. मी टोपणही आता हलक्या हाताने लावतो.

आणि हो, बिस्किटाच्या पुड्याची कड करवतीसारखी दातेरी का ठेवतात, हे विद्यार्थ्यांना जरूर विचारा.