धन्याचा ग्रह आणि नोकराचें वर्तन

नोकर कामचुकार कां होतो, या प्रश्नाचें उत्तर बहुतेक धनी नोकराच्या स्वभावांत शोधतात. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्सच्या विख्यात तंत्रसंस्थेंतील अध्यापक डग्लस मॅक्ग्रेगर यांनीं तें धन्याच्या मनांत शोधलें. त्यांचा 'द ह्यूमन साइड ऑफ एंटरप्राइज' हा ग्रंथ १९६० सालीं प्रसिद्ध झाला. प्रत्येक व्यवस्थापक मनुष्यस्वभावाविषयीं कांहींएक ग्रह धरूनच हुकूम सोडीत असतो, असें त्यांचें प्रतिपादन आहे.

पैकीं एका ग्रहास त्यांनीं 'एक्स' हें नांव दिलें. मनुष्यास मुळांतच कामाचा कंटाळा व जबाबदारीचें भय. सबब धाक, देखरेख आणि आमिष यांवांचून तो हलावयाचा नाहीं. दुसरा ग्रह 'वाय' : श्रम हे खेळाइतकेच स्वाभाविक असून, कार्य आपलेंसें वाटल्यास मनुष्य स्वतःच स्वतःवर अंकुश ठेवितो.

पहिल्या ग्रहाचा मासला फ्रेडरिक टेलर यांच्या १९११ सालच्या ग्रंथांत सांपडतो. बेथलेहेम येथील पोलादाच्या कारखान्यांत कच्च्या लोखंडाचे ठोकळे वाहणारा मजूर दिवसास साडेबारा टन माल उचलीत असे. तो साडेसत्तेचाळीस टन उचलूं लागला व त्याची मजुरी सुमारें साठ टक्क्यांनीं वाढली, असें ते लिहितात. केव्हां उचलावें, केव्हां विसांवा घ्यावा, हें सारें दुसऱ्यानें सांगावयाचें! या कामाच्या मजुराची बुद्धि बैलासारखी असावी, असेंहि त्यांनीं निःसंकोच म्हटलें आहे. टन वाढले खरे. परंतु ज्याला विचार करूंच दिला नाहीं, त्याला विचार करतां येत नाहीं हें कोणी ठरविलें?

शाळेंतहि आम्हीं हें पुष्कळदां पाहिलें आहे. ज्या वर्गावर सदा पहारा, तो वर्ग गुरुजींची पाठ वळतांच दंगा करतो. आणि गुरुजी म्हणतात, पाहा, पहारा हवाच होता! ग्रहामुळें जाच, जाचामुळें चुकारपणा, आणि चुकारपणामुळें ग्रह दृढ. नैयायिक यालाच चक्रक म्हणतील. मॅक्ग्रेगर यांचाहि कटाक्ष यावरच आहे : ज्याला आपण स्वभाव समजतों, तो पुष्कळ अंशीं वागणुकीचा परिणाम असतो.

ते भोळे आशावादी मात्र नव्हते. १९४८ ते १९५४ पर्यंत ते ओहायओ संस्थानांतील अँटिऑक कॉलेजचे अध्यक्ष होते. पुढाऱ्यानें केवळ सल्लागार राहावें, म्हणजे अप्रिय निर्णयांची पाळी टळेल, अशी त्यांची पूर्वींची समजूत होती. पद सोडतांना ती चुकीची असल्याचें त्यांनीं लिहून ठेवलें. पुढें ग्रंथांतहि, 'वाय' म्हणजे अधिकाराचा त्याग नव्हे, हें सांगण्यास ते विसरले नाहींत.